चौगुले सरांचं वाळवण

अत्यंत गांभीर्याने, जागेवर उभा राहून आणि चष्मा पुसून जाहीर करतो की, बेळगाव ते निपाणी या टापूत थोर माणसं पुष्कळ झाली असतील, त्यांतल्या काहींचे पुतळेही चौकात उभे असतील, पण रस्त्याला अंगठ्याचं नख लावून त्याचं वय सांगणारा माणूस एकच झाला. आता वाचकांनी बसून घ्यायला हरकत नाही. त्या माणसाचं नाव चौगुले सर.

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते रस्तेबांधणी शिकवायचे आणि मी गणित. माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. "काय गणिती?" ही आमची कायमची सलामी. माणूस निपाणीजवळच्या खेड्यातला, तंबाखू पिकवणाऱ्या जैन घरातला. उंच, सरळ आणि उन्हाने इतका रापलेला की फळ्यासमोर उभे राहिले तर नुसता शर्ट शिकवतोय असं वाटावं. डोक्यावर टोपी नाही, हातात छत्री नाही. "उन्हाला भिऊन रस्त्याचा मास्तर हुता येत न्हाय," असं म्हणायचे. उजव्या अंगठ्याच्या नखाखाली डांबराची काळी रेघ कायम असायची. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसलेला माणूस आधी तो अंगठा बघायचा आणि मग वाढपी येईपर्यंत हळूच एक पाट सरकायचा.

त्यांचं सगळं आयुष्य भेगांत गेलं. रस्त्याला भेग पडली की तिच्यात रबर मिसळलेलं गरम डांबर ओततात, म्हणजे पाणी आत जात नाही. याला सर 'मसाला' म्हणत. मसाला ताजा असतो तोवर शहाण्यासारखा वागतो. थंडीच्या पहाटे भेग रुंदावली की ताणला जातो, दुपारी ती मिटली की अंग चोरून घेतो. पण त्याच्या डोक्यावर ऊन असतं. "ऊन आधी त्याचं तेल खातं," सर वर्गात सांगायचे, "मग त्याचा लवचिकपणा खातं, आणि शेवटी कडेशी जुळलेली सोयरीक मोडतं. मग तो वरून तसाच काळाभोर दिसतो, पण कडेनं सुटलेला असतो. आपल्या प्राचार्यांसारखा." वर्ग हसायचा. प्राचार्यांपर्यंत ते त्याच दिवशी पोचायचं. सरांना त्याचं काही नसायचं.

हा मसाला विकणारे लोक तो भट्टीत तापवून तपासतात आणि अहवाल आणतात. सरांना भट्टीचा मनस्वी राग. "भट्टी ताप आणती, ऊन म्हातारपण आणतं. ताप उतरतोय की रं! म्हातारपण उतरल्यालं बघितलाईस कुठं?" एकदा टाय बांधलेला एक विक्रेता असाच अहवाल घेऊन आला. एप्रिल महिना होता. सरांनी त्याचं बोलणं शांतपणे ऐकलं, त्याला हाताला धरून मैदानाच्या मधोमध नेलं आणि एका बाकावर बसवलं. स्वतः शेजारी बसले. घरच्या गप्पा काढल्या. मुलं किती, गाव कुठलं, आई-वडील आहेत का. पाऊण तासाने त्या माणसाचा टाय सुटला, मग वरची बटणं सुटली, मग शब्द सुटायला लागले. तेव्हा सर म्हणाले, "आता सांगा, भट्टी आणि ऊन एकच का?" बिचारा म्हणाला, "नाही सर." "मग ह्यो कागद तुमच्या भट्टीला दाखवा." आणि त्याला आत नेऊन मोठा तांब्या भरून ताक पाजलं. अपमान आणि पाहुणचार हे त्यांच्याकडे एकाच ताटात वाढले जायचे.

खडेबाजारात तर त्यांच्याबरोबर जायची आम्हाला धास्ती. ऐन गर्दीत स्कूटर थांबवायची, उकिडवं बसायचं आणि भेगेतल्या मसाल्यात नख रुतवायचं. मागे रिक्षांची रांग, हॉर्नचा कल्लोळ. एकदा पोलीस धावत आला. "एन् बित्तु री, सर?" म्हणजे काय पडलं, साहेब? सरांनी मान वर न करता त्याला शुद्ध कानडीत उत्तर दिलं, की अजून काही पडलेलं नाही, पण पुढच्या पावसात एखादा माणूस पडेल, तेव्हा तुम्हीच या पंचनाम्याला. पोलिसाने सलाम ठोकला. मोठा अधिकारी असावा असं त्याला वाटलं असणार.

आणखी एक. जैन रीतीप्रमाणे ते दिवस मावळायच्या आत जेवायचे. कॉलेजची बैठक कितीही रंगात आलेली असो, साडेपाचच्या पुढे घड्याळ सरकलं की सर उठायचे. एकदा प्राचार्य चिडून म्हणाले, "चौगुले, अजून निर्णय व्हायचाय." सर दारातून म्हणाले, "सूर्याचा झाला." आणि गेले. पाठोपाठ आमचे कारकून गुरव आपल्या टेबलावरून पुटपुटले, "ह्यांचं हजेरीबुक वरच हाय, आभाळात."

हे गुरव खानापूरकडच्या एका खेड्यातून रोज मोटरसायकलने यायचे. जीभ तिखट, मन साफ. कॉलेजच्या गच्चीवर सरांनी मसाल्याचे नमुने ठेवले होते. काँक्रीटचे दोन लहान ठोकळे आणि त्यांच्या मधल्या फटीत ओतलेली मसाल्याची वडी. अशा वड्यांच्या ओळीच्या ओळी उन्हात मांडलेल्या. दोन-तीन उन्हाळे गेले की सर त्या यंत्रावर ताणून बघायचे, कुठली तुटते, कुठली कडेनं सुटते. तोवर कुणी कितीही गळ घालो, दाखला नाही. गुरवांनी या मांडणीचं बारसं केलं: चौगुल्यांचं वाळवण. "सर, पापड कधी तळायचं?" असं विचारायचे. सर म्हणायचे, "तुमच्या गावचा रस्ता फुटला की."

त्याच गावच्या रस्त्याची ही गोष्ट आहे.

त्या रस्त्याच्या भेगा भरायचं काम मगदूम नावाच्या कंत्राटदाराला मिळालं होतं. मगदूमही निपाणीकडचेच, सरांच्याच समाजातले, आमच्या संस्थेचे देणगीदार. त्यांनी नव्या जातीचा मसाला आणला आणि आमच्या कॉलेजचा, म्हणजे चौगुले सरांचा दाखला मागितला. सरांचा दाखला म्हणजे उन्हाचा दाखला, हे सगळ्या जिल्ह्यात माहीत. सर म्हणाले, "ठेवतो वर. उन्हाळे जाऊ द्यात." मगदूम हसले. वाट बघायची तयारी असलेला तो एकमेव कंत्राटदार, म्हणून सरांना त्यांचं कौतुकही वाटलं.

तेवढ्यात कॉलेजला तपासणी समिती येणार म्हणून गच्चीची साफसफाई निघाली. प्राचार्यांना त्या काळ्या ओळी बघवेनात. सरांनी एका टेम्पोत आपलं वाळवण भरलं आणि अनगोळातल्या आपल्या घराच्या गच्चीवर मांडलं.

घरी सर आणि त्यांची थोरली बहीण, दोघंच. सरांनी लग्न केलं नव्हतं. आक्का लवकर विधवा झालेल्या. आईवेगळ्या भावाला त्यांनीच वाढवलं. ठेंगणी, गोरी, कपाळ मोकळं, बोलणं एकदम खणखणीत. सर साठीला टेकले तरी "भूपाल, डोस्क्याला तेल लाव" असं रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगायच्या. सरांचा दिनक्रम ठरलेला. सकाळी कॉलेज, सुट्टीतसुद्धा. घरी पंख्याखाली बसणं त्यांना पाप वाटायचं. रविवारी निपाणीकडे शेतावर. संध्याकाळी जेवून गच्चीवर आपल्या वड्यांची विचारपूस.

असे उन्हाळे गेले. मग सरांनी मगदूमांच्या वड्या ताणायला काढल्या. मी प्रयोगशाळेत होतो. यंत्राने ठोकळे दोन्हीकडून ओढले, आणि मधला मसाला ताणत गेला, ताणत गेला, गुळाच्या पाकासारखा. तुटला नाही, कडेनं सुटला नाही. सरांनी दुसरी वडी लावली. तिसरी लावली. अंधाऱ्या कपाटात बंद करून ठेवलेली वडी काढून लावली, तीही तशीच. उन्हातली आणि कपाटातली बहीण-बहीण शोभाव्यात. सर खुर्चीवर बसले. त्यांचे डोळे भरलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

"गणिती, उन्हाला पुरून उरला रं ह्यो. मला वाटलं न्हवतं जल्मात बघायला मिळंल."

गुरवांनी पेढे आणले. सरांनी सही केली. आयुष्यभर सगळ्यांना 'थांबा' म्हणणारा माणूस त्या दिवशी 'व्हय' म्हणाला, आणि त्याला इतका आनंद झाला होता की काळजी करायचं कुणाच्या मनात आलं नाही. त्यांच्याही नाही.

दिवाळीनंतर मसाला ओतला गेला. काळ्या रेघांनी रस्ता असा सजला की गुरव म्हणाले, "आमच्या रस्त्यानं काजळ घाटलंय." गुढीपाडव्याच्या सुमारास सरांनी त्या रस्त्यावर नख लावलं. नख रुतलंच नाही, मसाला आताच कडक झाला होता. पुढच्या उन्हात रेघा कडेनं सुटू लागल्या, टायरला लागून पट्ट्याच्या पट्ट्या निघू लागल्या, वाळल्या खपलीसारख्या. मग पाऊस आला. पाणी भेगांतून खाली गेलं, खालची खडी हलली, वरचा रस्ता खचला. आणि एका सकाळी कामावर येताना गुरवांची मोटरसायकल पाण्याखाली झाकलेल्या खड्ड्यात गेली. खुबा मोडला.

सर दवाखान्यात गेले. मी मागे उभा होतो. "गुरव, माझ्या सहीनं पडलासा तुम्ही."

"जावा तिकडं! मी गाडी दामटत हुतो. तुमची सही कुठं आडवी आली?"

"आली."

सरांना झोप लागेना. मलाच बोलावून घ्यायचे, आकडे तपासायला लावायचे. आकडे बरोबर होते. त्यांनी त्याच मसाल्याच्या नव्या वड्या पाडल्या आणि पुन्हा गच्चीवर मांडल्या. तेवढ्यात त्यांना ताप भरला आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा ते कामाच्या दिवशी घरी राहिले. पावसाने उघडीप दिली होती, श्रावणातलं कडक ऊन पडलं होतं. मी दुपारी त्यांना भेटायला गेलो. आक्का खाली दिसल्या नाहीत. वर पावलं वाजत होती. सर अंथरुणातून उठले, मी त्यांना धरून जिना चढवला.

आक्का गच्चीवर वाकून वड्यांच्या ओळींवर ओलं लुगडं पसरत होत्या. कोपऱ्यांवर विटा ठेवत होत्या. मग तांब्यातल्या पाण्याने त्यांनी वरून हलका शिपका मारला. तंबाखूच्या घरातली बाई. पान वाळवायचं, पण करपू द्यायचं नाही. करपलं की हात लावताच भुगा. कडक दुपारी झाकायचं, पाणी शिंपडायचं, दिवस कलला की उघडायचं. हे त्यांच्या हाताला शिकवावं लागत नव्हतं.

"आक्का," सर म्हणाले. "काय करालीस?"

"तू कशाला उठलास? ताप हाय न्हवं अंगात?"

"काय करालीस म्हणतो मी."

"काय म्हंजे? रोज करते ते. जिवाचं काम हाय म्हणतोस, आणि दिवसभर रणरणत्या उन्हात टाकून जातोस. वितळून पार चिकाट हुतंय ते. मला बघवतंय व्हय?"

"कवापास्नं?"

"हितं आणल्यापास्नं की. सांजच्याला तू येच्या आत काढून घिते. तुला काय आपण हून सुचायचं न्हाय. आप्पानं पान वाळवायला शिकवल्यालं सगळं इसरलास."

मी सरांकडे बघितलं नाही. कठड्याला हात टेकून ते उभे होते. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला.

"न्हाय इसरलो," शेवटी सर म्हणाले. "पानाला असंच करायचं असतंय. बरोबर केलंस तू."

आक्कांचा चेहरा उजळला. "बघा की वो," त्या मला म्हणाल्या, "एवढा शिकला, पण वाळवणाला बाई लागतीच."

जिन्यात सरांनी माझं मनगट धरलं. "आक्काला ह्यातलं काय बी कळता कामा नये. कारकून पडला ते बी न्हाय." धरलेला हात तापाने भाजत होता.

गुरवांना मात्र त्यांनी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. गुरव म्हणाले, "आम्ही थट्टेनं वाळवण म्हणत हुतो. आक्कानं खरंच केलं की वो."

आता खरी अडचण पुढे होती. गुरवांच्या गावचा रस्ता गेला तो गेला. पण मगदूम तोच दाखला घेऊन दुसऱ्या तालुक्यांत तोच मसाला ओतत होते. कागदावर चौगुले सरांची सही, म्हणून कुणी पुढे काही विचारत नव्हतं. ती सही परत घ्यायला हवी होती.

सर मगदूमांच्या घरी गेले. बरोबर मी. नेमका दिवस कुठला निवडावा? पर्युषण संपून क्षमावणीचा दिवस. जैन घरोघर जाऊन एकमेकांची क्षमा मागतात. सरांच्या डोक्यात दिवस-वार राहिलाच नव्हता. मगदूमांची बैठक माणसांनी भरलेली. सर उभ्या उभ्याच म्हणाले, "मगदूम, माझं चुकलं."

मगदूम ताडकन उठले, हात जोडले. "उत्तम क्षमा, सर! आमचं बी काय कमी-जास्त झालं असंल. उत्तम क्षमा!"

"तसं न्हवं. त्यो दाखला चुकलाय."

"उत्तम क्षमा, उत्तम क्षमा! आपल्यात कसलं वो?" त्यांनी सरांना मिठी मारली. बैठकीतली सगळी माणसं उठून उभी राहिली आणि एकेक जण सरांची क्षमा मागू लागला. सर "ऐका, ऐका" म्हणत होते आणि प्रत्येकाला तो नम्रपणा वाटत होता. आम्हाला सुकामेव्याची पुडी देऊन दारापर्यंत पोचवलं. पायरीवर मगदूम माझ्या कानात म्हणाले, "सरांचं मन लई मऊ झालंय. जपा." त्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं, की गृहस्थाला सगळं कळलं होतं. दिवस त्यांच्या सोयीचा होता, एवढंच.

मग प्राचार्य. दाखला कॉलेजच्या कागदावर होता, तेव्हा तो रद्द केल्याचं पत्र त्यांच्याकडूनच जायला हवं होतं, म्हणून सरांनी त्यांना लुगड्यासकट सगळं सांगितलं. प्राचार्यांनी दार लावून घेतलं. "चौगुले, निवृत्ती तोंडावर आलीय. कॉलेजचं नाव आहे, तुमचं नाव आहे. लोक विचारतील, कसं चुकलं? काय सांगणार? बहिणीनं वर लुगडं घातलं?"

दुखणं नेमकं तेच होतं. कारण सांगावं तर आक्का गावाच्या तोंडी जाणार, आणि कारण न सांगावं तर कोण विश्वास ठेवणार, की ज्यानं जन्मभर घाई केली नाही तो चुकला?

निरोप समारंभ ठरला. प्रमुख पाहुणे मगदूम. सरांनी एकच अट घातली, दिवस मावळायच्या आत संपवायचं. सभागृह गच्च भरलं. पहिल्या रांगेत आक्का, नवं इरकल नेसलेल्या, हातात फुलांची पुडी. गुरव काठी टेकत आले आणि मागच्या दारापाशी भिंतीला टेकून उभे राहिले. बसलं की उठायला त्रास होतो म्हणून.

भाषणं झाली. प्राचार्यांनी सरांना 'दीपस्तंभ' म्हटलं. मगदूमांनी खांद्यावर शाल घातली. मग सर बोलायला उठले. आमच्याकडे निवृत्त होणारा प्रत्येक जण शेवटी एकच वाक्य म्हणतो: कळत-नकळत काही चुकलं असेल तर माफ करा. लोकांचे हात टाळ्यांसाठी आधीच तयार असतात.

सर म्हणाले, "माझ्याकडून चूक झाली आहे."

टाळ्या.

"टाळ्या नकोत. मी मसाल्याचा दाखला दिला, तो खोटा निघाला. ते नमुने उन्हात टिकले नव्हते. त्यांना ऊन नीट लागलंच नव्हतं, आणि मी ते तपासलं नाही. दोष माझा एकट्याचा. त्या सहीमुळे रस्ता फुटला, एका माणसाचा खुबा मोडला. ती सही मी या माईकवर, तुम्हा सगळ्यांसमोर परत घेतो. तो मसाला कुठंही ओतू नका."

मगदूम खुर्चीत पुढे सरकले, आणि त्यांनीच पहिली टाळी वाजवली. सावकाश, मान हलवत. मग सगळं सभागृह उठलं. विद्यार्थी शिट्ट्या मारू लागले. माझ्या शेजारची प्राध्यापिका डोळे पुसत म्हणाली, "जाताना सुद्धा केवढा मोठेपणा!" प्राचार्यांनी सरांच्या हातून माईक घेतला आणि "अशी माणसं आता होणे नाही" म्हणून सांगितलं. पहिल्या रांगेत आक्का दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत होत्या. व्यासपीठावर चौगुले सर खांद्यावरची शाल ओढून काढायचा प्रयत्न करत होते, आणि मगदूम ती पुन्हा पुन्हा त्यांच्या अंगावर नीट बसवत होते.

तेवढ्यात मागच्या दारापाशी काठी आपटली, आणि टाळ्यांच्या वरून गुरवांचा आवाज आला:

"आवो, टाळ्या कसल्या वाजिवताय? मानूस खरं बोलालाय!"